दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आणि नागपूरचे ऋतू : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही नागपुरातील घरात, वरच्या मजल्यावरील पश्चिमेच्या खोलीत, दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. त्याआधी आमचे उन्हाळे कूलरवरच निघत. फेब्रुवारी सरता सरता कूलरची टाकी घासायची, ताट्या बदलायच्या, पंप चालवून पाहायचा, हे घरात सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. एसीला मात्र असे काही लागत नाही, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली, आणि म्हणूनच यंत्राच्या गुणदोषांपेक्षा त्याच्या देखभालीविषयी अधिक लिहीत आहे.

पहिले सहा-सात आठवडे आम्ही फिल्टर उघडलेच नाहीत. मेच्या मध्याला खोली गार व्हायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागू लागला, तेव्हा पुढचे झाकण उचलून पाहिले, तर जाळीवर धुळीचा जाड थर बसलेला होता. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळवतो. कडक उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिकची चौकट वाकण्याची भीती असते. बाहेरच्या युनिटची स्थितीही तशीच होती. आमच्या शेजारी सावरीचे झाड आहे आणि त्याचा उडणारा कापूस युनिटच्या मागच्या पातळ पत्र्यांत अडकून बसला होता. बाहेर ४५ अंश तापमान असताना खोलीतली उष्णता त्याच तापलेल्या हवेत सोडायची असते, त्यामुळे तिथली हवेची वाट अडली की कॉम्प्रेसरवर दुहेरी ताण येतो. मुख्य स्विच बंद करून, बागेच्या नळीने हलक्या धारेने ते पत्रे धुतले. जोराची धार मारली तर ते दुमडतात. युनिटच्या वर काही अंतर सोडून हिरवी जाळीही बांधली. बाजू मात्र पूर्ण मोकळ्या ठेवल्या.

जुलैमध्ये आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळू लागले. कारण समजून घेतल्यावर ते आमच्या हवामानाशी किती जोडलेले आहे, हे लक्षात आले. विदर्भातील मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर, म्हणजे आतल्या युनिटमधील गार नळ्यांच्या जाळीवर, पाणी फारसे जमत नाही, आणि आतल्या पन्हळीत केवळ धूळ साचत राहते. पावसाळी दमट हवेत त्याच कॉइलवरून भरपूर पाणी ठिबकू लागते, साचलेल्या धुळीचा बुळबुळीत गाळ होतो आणि ड्रेन पाइप तुंबतो. त्यातच, पाणी कुंड्यांना घालता यावे म्हणून आम्ही पाइपचे टोक बादलीत बुडवून ठेवले होते, त्यामुळे पाण्याचा निचरा आणखी मंदावला होता. बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ ओढून काढला आणि पाइप बादलीच्या काठावर मोकळा सोडला. कुंड्यांना पाणी आजही मिळते.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग ऑक्टोबरचा. गारवा कमी वाटतो म्हणून बोलावलेल्या तंत्रज्ञाने, युनिट उघडून न पाहताच, गॅस कमी झाल्याचे सांगून तो भरून घेण्याचा आग्रह धरला. एसीतील गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो. गाडीतील पेट्रोलप्रमाणे तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पुन्हा त्याच खर्चाला आमंत्रण. आमच्या यंत्रात आर-३२ हा सौम्य ज्वलनशील वायू आहे. गळती बुजवल्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढून, युनिटवरच्या माहितीपट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच तो मोजून भरायला हवा. त्या गृहस्थांकडे ना पंप होता, ना वजनकाटा. मी नकार दिला. दुसऱ्या तंत्रज्ञाने सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती नसल्याचे दाखवले, मग ब्लोअर, म्हणजे गार हवा खोलीत सोडणारा आतला पंखा, उघडला. त्याच्या पात्यांवर काळपट मळ चिकटलेला होता. खाली पिशवी बांधून कॉइल आणि ब्लोअर धुतल्यावर, खोलीत २८ अंश असताना बाहेर पडणारी हवा साध्या तापमापकाने १६ अंश भरली. त्या दिवसापासून आजपर्यंत गॅस भरावा लागलेला नाही.

हिवाळ्यात फारसे काम नसते. बंद करण्यापूर्वी यंत्र काही तास नुसत्या पंख्यावर चालवून आतला ओलावा सुकवला, रिमोटमधील सेल काढले आणि मुख्य स्विच बंद केला. बाहेरचे युनिट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले नाही, कारण आत ओल धरते आणि उंदरांना आयतीच ऊब मिळते.

यंदाची सर्व्हिस फेब्रुवारीतच करून घेतली. एप्रिल उजाडला की तंत्रज्ञाची वाट पाहत दिवस काढावे लागतात. २०२० पासून एसींचे मूळ तापमान, म्हणजे आपण न बदलल्यास आपोआप लागणारे, २४ अंश ठेवण्याचा नियम आहे. आम्ही छताच्या पंख्यासह २६ ठेवतो आणि रात्री ते पुरेसे होते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, दुपारी मात्र खोली २८ च्या खाली आली नाही. त्यात मी यंत्राला दोष देत नाही, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब आहे. माझी खरी तक्रार दोन गोष्टींबाबत आहे : पाण्याची पन्हळ तंत्रज्ञावाचून काढता येत नाही, आणि फिल्टर धुण्याची आठवण देणारा दिवा केवळ वापराचे तास मोजतो, त्यामुळे धुळीच्या दिवसांत तो फार उशिरा लागतो.

मृग लागण्यापूर्वी, वीज बंद करून आणि फिल्टर काढून, कॉइलवर पेलाभर पाणी हळूहळू सोडून पाहिले. थोड्याच वेळात ते बाहेरच्या टोकातून स्वच्छ आले. आता जुलै सुरू झाला आहे आणि भिंत कोरडी आहे.