सहा माणसं, नऊ सीटची व्हॅन आणि युरोपातले मुक्काम: कुठे परत जाऊ, कुठे नाही

आधी निकाल सांगते, मग पुराण. फॅमिली घेऊन युरोपात स्वतःच्या गाडीने फिरणार असाल तर मुक्काम शहरात करूच नका. शहराच्या वेशीवर करा, जिथे गाडी निवांत उभी राहील आणि पाच-दहा मिनिटं चाललं की ट्राम नाहीतर ट्रेन मिळेल. आणि तीन रात्रींपेक्षा जास्त राहणार असाल तिथे किचन हवंच. बाकी व्ह्यू, बाल्कनी, स्विमिंग पूल हे सगळं नंतर.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. यावेळी फिंग्स्टनच्या (मे-जूनमधला ख्रिश्चन सण) सुट्टीत सासूसासरे आटपाडीहून आले होते (मी आई-बाबाच म्हणते), आम्ही दोघं आणि दोन पोरं. गाडी कुठली घ्यायची यावर घरात दोन दिवस चर्चासत्र झालं. सेव्हन सीटर घेऊ असं सगळेच म्हणतात, पण तिसरी रांग उघडली की मागे डिकीत दोन दप्तरं पण धड मावत नाहीत, मग बॅगा काय डोक्यावर घेणार? शेवटी नऊ सीटची व्हॅन भाड्याने घेतली. साध्या बी लायसन्सवर ड्रायव्हर धरून नऊ सीटपर्यंतची गाडी चालते. फक्त ती जवळजवळ दोन मीटर उंच असते आणि जुन्या शहरांतल्या अंडरग्राउंड पार्किंगच्या तोंडाशी कितीतरी ठिकाणी 1.90 चा बार लटकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक बुकिंगला नवरा खोलीचे फोटो नंतर बघायचा आणि पार्किंगचे आधी.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडे जसं काउंटरवर "एक गादी जास्तीची टाका हो" म्हणलं की काम होतं तसं इथे होत नाही. खोली दोघांची म्हणजे दोघांची, पोरगं लहान आहे वगैरे आधी सांगून मंजूर करून घ्यावं लागतं. सहा माणसं म्हणजे दोन किंवा तीन खोल्या, म्हणजे हॉटेलचं बिल डोळे पांढरे करणारं. म्हणून आम्ही हॉटेल फक्त एका रात्रीच्या थांब्यासाठी ठेवलं.

तो पहिला थांबा केल. गाव जर्मनीत, ऱ्हाइनच्या काठावर, आणि पलीकडे समोर फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. 2017 पासून स्ट्रासबुर्गची डी ट्राम नदीवरच्या पुलावरून थेट केलच्या स्टेशनपर्यंत येते, त्यामुळे गाडी केलमध्ये हॉटेलच्या अंगणात ठेवायची आणि ट्रामने दुसऱ्या देशात जेवायला जायचं. बाबांना हे इतकं आवडलं की पुलावर मध्यभागी आल्यावर त्यांनी आटपाडीला फोन लावून "आत्ता जर्मनीत होतो, आता फ्रान्समध्ये आलो" असं सांगितलं, पासपोर्ट कुणी विचारला नाही याचं त्यांना जास्त नवल वाटलं. हॉटेल साधंच, नाश्त्याला ब्रेड-चीज-उकडलेली अंडी, वायफाय मरतुकडं, पण एका रात्रीला पुरे. फक्त एक लक्षात ठेवा, जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि फिंग्स्टनचा सोमवार पण सुट्टी, म्हणजे सलग दोन दिवस दूध-दही काही मिळत नाही. आम्ही शनिवारीच भरून ठेवलं होतं म्हणून बरं.

पुढे ब्लॅक फॉरेस्टमध्ये हिंटरत्सार्टनला फेरियनवोनुंग घेतलं, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर. इथल्या बऱ्याच गावांत तुम्ही रात्रीचा टुरिस्ट टॅक्स भरला की कोनुस कार्ड मिळतं आणि त्यावर त्या सगळ्या भागातल्या लोकल ट्रेन आणि बस फुकट. आम्ही व्हॅन हलवलीच नाही, हॉलेनटालच्या दरीतून ट्रेनने फ्रायबुर्गला गेलो आणि टिटिसी तलाव तर शेजारीच. टॅक्स भरताना कुरकुर करणाऱ्या नवऱ्याने संध्याकाळी हिशोब केला आणि गप्प बसला. घर स्वच्छ, मालकीणबाईंनी पोरांसाठी खेळणी काढून ठेवलेली, पाचपैकी साडेचार मार्क नक्की. अर्धा कापला तो किचनमधल्या इंडक्शनमुळे. आईंनी घरून त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणलेला आणि इंडक्शनला अ‍ॅल्युमिनियम ओळखूच येत नाही, नुसतं टिंग टिंग वाजून बंद पडतं. खिचडी पातेल्यात झाली आणि आई दोन दिवस शेगडीकडे रागाने बघत होत्या. तुम्ही येत असाल तर स्टीलचा कुकर आणा, तो पण बुडाला लोहचुंबक चिकटतंय का ते बघून.

स्वित्झर्लंडबद्दल थोडक्यात. लाउटरब्रुनेनच्या दरीत कॅम्पसाइटवरचं लाकडी केबिन घेतलं, समोर श्टाउबबाखचा जवळपास 300 मीटरचा धबधबा, त्यामुळे मार्क देणारी मी कोण. महाग आहे, सगळंच महाग आहे, रडून उपयोग नाही, इंटरलाकेनला कूप सुपरमार्केटमधून भाजी भरून न्या आणि शिजवून खा. वेंगन आणि म्युरेनला गाडी जातच नाही, ती खाली ठेवून रेल्वेने किंवा केबलकारनेच वर जायचं, म्हणून मुक्काम खालीच बरा. पोरांसाठी 30 फ्रँकचं रेल्वेचं ज्युनियर कार्ड काढा, आई किंवा बापाबरोबर असली की 16 वर्षांपर्यंतची पोरं वर्षभर जवळजवळ सगळीकडे फुकट. हायवेचं विन्येट, म्हणजे हायवे वापरायचा पास, 40 फ्रँकला, वर्षाचंच मिळतं, चार दिवसांचं मागाल तर नाही. आता ऑनलाइन गाडीच्या नंबरवर घेता येतं.

त्याच विन्येटवर इटलीकडे जाणारा गोटहार्डचा बोगदाही येतो, वेगळा टोल नाही. 1980 चा बोगदा, 16.9 किलोमीटर, एकच नळी आणि दोन्ही बाजूंना एकेक लेन, त्यामुळे सुट्टीच्या शनिवारी उत्तरेच्या तोंडाशी जी रांग लागते ती आपल्या खंबाटकीची आठवण करून देते. दुसऱ्या नळीचं काम चालू आहे. आमचं सगळं वेळापत्रक याच बोगद्याभोवती फिरत होतं खरंतर. शनिवार-रविवार टाळायचा, आठवड्यात मधल्या दिवशी सकाळी लवकर पार करायचा, म्हणून आधीचा मुक्काम एक रात्र वाढवला. मुक्काम ठरवताना अंतर बघू नका, कुठल्या वारी कुठल्या खिंडीत असाल ते बघा.

आता येते खरी गोष्ट, इटलीतला लागो दि गार्दा तलाव. पेस्कियेराजवळ कॅम्पिंग व्हिलेजमध्ये मोबाइल होम घेतलं होतं. नाव ऐकून आई घाबरल्या होत्या, त्यांना वाटलं तंबूत झोपायचं. मोबाइल होम म्हणजे चाकांवर आणून बसवलेलं छोटं घर, तीन बेडरूम, दोन बाथरूम, पुढे लाकडी ओटा आणि त्यावर टेबल-खुर्च्या. बेडरूम म्हणजे पलंग आणि पलंगाच्या कडेने आडवं चालायला जेमतेम एक पाऊल जागा, कपाटाचं दार उघडलं की पलंगावर चढूनच जावं लागतं, आणि शॉवरमध्ये साबण पडला तर तो वाकून उचलणं हा एक व्यायामच. पण चार बर्नरची गॅसची शेगडी! गॅस म्हटल्यावर आईंचा कुकर बाहेर आला. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारचे डच काका पेपर टाकून उभेच राहिले, दुसऱ्या शिट्टीला त्यांची बायको बाहेर आली, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर माझ्या नवऱ्याने जाऊन सांगितलं की स्फोट वगैरे नाहीये, डाळ आहे. मग वाटीभर वरण-भात तिकडे गेला आणि तिकडून पोरांना सिरप वॅफल आली, तीन दिवस हेच चालू.

जागा म्हणून पेस्कियेरा फार हुशारीची आहे. मिलान-व्हेनिस लाइनवरचं स्टेशन, व्हेरोना पंधरा मिनिटांत, व्हेनिसही दिवसात जाऊन येण्यासारखं. व्हेरोनाला गाडी घेऊन जायचं नावच काढू नका, इटलीच्या जुन्या शहरांत झेडटीएल असतो, म्हणजे ठरावीक गाड्या सोडून बाकीच्यांना प्रवेशबंदी, वर कॅमेरा. तुम्हाला कळत पण नाही, काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत नोटीस येते आणि कंपनी स्वतःची फी वेगळी लावते. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर ते तुमचा नंबर कळवू शकतात, पण आधी विचारून घ्यावं लागतं.

या कॅम्पमध्ये खटकलं काय? चादरी-टॉवेल आपले आणायचे नाहीतर वेगळे पैसे. दुपारी एक ते तीन शांतता, त्या वेळात गाडी आत नेता येत नाही, आम्ही दीडला पोचलो आणि दीड तास गेटबाहेर आईस्क्रीम खात बसलो. पूलमध्ये टोपी घातल्याशिवाय सोडत नाहीत, बाबांनी टोपी घालून आरशात बघितलं आणि परत खुर्चीवर येऊन बसले. चेक-इनला सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, तो इटलीचा नियमच आहे. आणि फिंग्स्टनला आख्खं गार्दा बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बायर्न या जर्मन राज्यांतल्या नंबरप्लेटनी भरलेलं असतं, आमच्याच गावातली दोन कुटुंबं भेटली. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कॅम्प शनिवार ते शनिवारच देतात. तरी पाचपैकी पाच, सहा माणसांना या पैशात एवढी जागा आणि असा ओटा दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

परतीला ब्रेनर, म्हणजे इटलीतून ऑस्ट्रियात नेणारी खिंड. ऑस्ट्रियाचं विन्येट असलं तरी ब्रेनरच्या ए 13 चा टोल वेगळा भरावा लागतो, हे बऱ्याच जणांना टोलनाक्यावरच कळतं. उन्हाळ्यातल्या वीकेंडला आणि सणासुदीला ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये हायवे जाम झाला म्हणून गावातल्या रस्त्याने पळ काढायला बंदी असते, पोलिस परत हायवेवर पाठवतात. पण ज्यांचं राहणंच त्या गावात आहे त्यांना सोडतात. आमचा मुक्काम विप्पटालमध्ये एका शेतघरी होता, बुकिंगचा कागद दाखवला आणि सुटलो.

ते शेतघर म्हणजे बाबांची ट्रिप. खाली गोठा, वर आम्ही. पहाटे पाचला धारेच्या मशीनचा आवाज सुरू झाला आणि बाबा स्वेटर घालून खाली. शेतकऱ्याला इंग्लिश फारसं येत नव्हतं, बाबांना जर्मन शून्य, पण मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं एका गाईच्या कासेपाशी उभे राहून बोटांनी लिटर मोजत होते. गाई टिरोलच्या राखाडी जातीच्या, ग्राउफिए म्हणतात, बाबा म्हणे "रंग खिलारचा हाय, शिंगं मात्र तोकडी." नाश्त्याला त्याच गोठ्यातलं दूध, लोणी, घरचा जॅम. खोल्या साध्या, वायफाय फक्त जिन्यात, गोठ्याचा वास येतो म्हणून धाकट्याने पहिल्या दिवशी नाक धरलं आणि दुसऱ्या दिवशी वासरापासून हलायला तयार नाही. पावणेपाच, जिना फार उभा आहे म्हणून. गुडघे दुखणारं कुणी असेल तर खालची खोली मागून घ्या.

भारतातून येऊन हे सगळं करणाऱ्यांसाठी मधेच एक सांगते, शेंगेन व्हिसाला राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणून आधी फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करा, त्यात तारखा एकमेकींना जुळल्या पाहिजेत. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा, वर्षभर चालतं. गाडी घेताना कुठल्या कुठल्या देशात नेणार ते कंपनीला सांगा आणि जिथे घेतली त्याच शहरात परत करा, दुसऱ्या देशात सोडलीत तर त्याची फी बघून चक्कर येईल. पोरांच्या सीट विसरू नका, जर्मनीत 12 वर्षं किंवा 150 सेंटीमीटर, जे आधी होईल तोपर्यंत लागते. आणि जर्मन हायवेवरच्या टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी 1 युरो पडतो, त्याचं व्हाउचर मिळतं, टाकू नका, तिथल्याच दुकानात चालतं. खायचं आणि डिझेल मात्र हायवे सोडून ऑटोहोफला (हायवेतून बाहेर पडल्यावरचा ट्रकथांबा) घ्या, स्वस्त पडतं.

शेवटचा मुक्काम म्युनिकबाहेर, एस-बानच्या (शहराची लोकल ट्रेन) स्टेशनपासून चालत सहा-सात मिनिटं. जागेला नावं ठेवायला काही नाही. एम-व्ही-व्हीचं, म्हणजे म्युनिकच्या लोकल ट्रेन-बसचं, ग्रुप डे तिकीट पाच मोठ्या माणसांचं असतं आणि 6 ते 14 ची दोन पोरं मिळून एक मोठं माणूस धरतात, म्हणजे आम्ही सहाच्या सहा एका तिकिटात बसलो. घराचं नाव देत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. क्लीनिंगची फी आधीच घेतलेली, तरी भिंतीवर यादी: भांडी धुवा, कचरा चार डब्यांत वेगळा करा, चादरी काढा, फरशी पुसा. तेही केलं. मग चार दिवसांनी मेल, की किचनला "तीव्र वास" येतोय, स्पेशल क्लीनिंगचे 150 युरो पाठवा. वास कसला, तर आईंनी निघताना डब्यासाठी बटाट्याच्या भाजीला फोडणी दिली होती, मोहरी-हिंग-हळद, खिडकी सताड उघडी आणि चिमणी फुल स्पीडवर. नवऱ्याने सभ्यपणे कळवलं की जाहिरातीत "पूर्ण सुसज्ज किचन" लिहिलंय आणि स्वयंपाक करू नये असं कुठेच लिहिलेलं नाही, सोबत निघतानाचे किचनचे फोटो जोडले. पैसे दिलेले नाहीत, देणारही नाही. या घराला दोन मार्क, ते दोन्ही एस-बानला.