चार रविवार आणि इस्त्रीखालचा चोपडा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका हॉलवर कथालेखनाचा मराठी वर्ग भरतो, तो मी गेल्या महिन्यात पुरा केला. चार रविवार, सकाळी दहा ते एक, फी १,६०० रुपये, पंधरा जणांची बॅच. वर्गाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही करायची आहे.

विमा सर्व्हेअर म्हणून मी ३१ वर्षं नुकसानीचे रिपोर्ट लिहिले. "सदर मालाचे पाण्यामुळे नुकसान झाल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले" ही माझी भाषा. निवृत्तीनंतर गोष्टी लिहायला बसलो, तर एक तर रिपोर्ट उतरायचा, नाहीतर नुसतं रडगाणं.

पहिल्या रविवारी पुराची गोष्ट नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी वडोदऱ्यात शिरली, वस्तीत मगरी आल्या, म्हणून मी मगरीपासूनच सुरुवात केलेली. पुढे एक साडीवाला पाणी ओसरल्यावर दुकान उघडतो आणि "त्याचे हृदय विदीर्ण होते". वर्ग घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

म्हटलं, काल्पनिक आहे हो.

"छे. असा कुणीतरी तुम्ही पाहिलाय."

पाहिला होताच. निवृत्तीआधीची ती माझी शेवटची मोठी पाहणी. वीज नव्हती. ओट्यावर बसून तो माणूस भिजलेल्या चोपड्याची, म्हणजे हिशेबाच्या वहीची, पानं एकेक सोडवत होता, वर जुनं धोतर टाकून कोपऱ्यावरच्या धोब्याची कोळशाची इस्त्री फिरवत होता. आधी उधारीची पानं. आत साड्यांचे गठ्ठे कुजत होते, तिकडे ढुंकूनही बघत नव्हता. मी रिपोर्टात 'हिशेबाची कागदपत्रे अंशतः खराब' एवढं लिहून मोकळा झालो होतो.

"मगर काढा. इस्त्रीपासून सुरू करा," बाई म्हणाल्या. माझी फी तिथेच वसूल झाली.

दुसऱ्या रविवारी कीर्तनावर बोलल्या. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान; नवशिके लेखक पूर्वरंगातच अडकतात, गोष्ट उभी राहायच्या आत तिचं तात्पर्य सांगून टाकतात. शिवाय बुवा आख्यान ऐन रंगात आलं की थांबून नामघोष करतात, तेव्हा श्रोता जागचा हलत नाही. कुठे थांबायचं ते बुवांकडून शिका, म्हणाल्या. मी लहानपणापासून कीर्तनं ऐकतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी करण्यासारखं म्हणाल तर तिसऱ्या रविवारचं. आपली गोष्ट आपण वाचायची नाही, शेजारच्याला मोठ्यानं वाचायला द्यायची आणि आपण पेन्सिल घेऊन बसायचं. तो अडखळला की खूण. माझी गोष्ट कॉलेजातल्या एका मुलीनं वाचली. दीड पानात नऊ खुणा, त्यातल्या सहा 'सदर', 'सदरहू' आणि 'त्याअनुषंगाने'वर! आता हे काम बायकोकडे आहे. ती अडखळत नाही, सरळ जांभई देते. खूण तिथेही करतो.

आता कुरकुर. चौथा रविवार पुस्तक कसं छापून आणायचं यावर घालवला, आणि बोलायला आलेले गृहस्थ स्वतःच्याच छपाईच्या पॅकेजांचे दर सांगत बसले. तो वेळ आमच्या गोष्टींना हवा होता. पंधरापैकी चौघांची पाळी आलीच नाही. झेरॉक्सच्या टिपणांतली दोन पानं उलटी जोडलेली, आणि त्यात 'साधं लिहा' हे अत्यंत अवघड मराठीत लिहिलेलं. मध्यंतरातली सेव-उसळ मात्र झकास, तर्री वेगळी मागून घ्यावी.

ज्याला व्याकरण पक्कं करायचंय त्यानं जाऊ नये, ते इथे शिकवत नाहीत. चार-पाच पानं लिहून अडलेल्यानं जरूर जावं, पण नाव घालतानाच आपली गोष्ट कोणत्या रविवारी वाचणार ते कबूल करून घ्यावं. आणि बसायला उशी न्यावी. खुर्च्या लोखंडी आहेत, तीन तास निघत नाहीत.