‘जैविक’ बाटलीत जुनंच औषध

आमची निफाडकडं दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग, यंदा माल निर्यातीला धरलेला. जानेवारीच्या शेवटी ऊन वाढलं, मण्यांत पाणी उतरलं आणि पानं तांबूस पडायला लागली. पान उलटं करून भिंगातून बघितलं तर मागं जाळी आणि लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, वळवळतोय.

अ‍ॅबामेक्टिन हे कोळी मारायचं औषध गेल्या हंगामात चारदा मारलेलं, यंदाही जानेवारी उजाडेपर्यंत दोनदा झालं. ही चूक माझीच. उन्हात कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत उभी राहते. औषधातून वाचलेली मादी तसलीच पिल्लं मागं सोडते. शिवाय नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच. त्यामुळं औषध पचवायचा गुण झाकून राहत नाही, भराभर पसरतो. हे सगळं नंतर कळलं म्हणा.

दुकानदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. म्हणाला, “दादा, अ‍ॅबामेक्टिन विसरा आता. हे वनस्पतीजन्य आहे, रेसिड्यू, म्हणजे फळात उरणारा औषधाचा अंश, शून्य, काढणीच्या आदल्या दिवशी मारलं तरी चालतंय.” अर्ध्या लिटरला 2,600 रुपये. बिल मागितलं तर, “जैविकाला कसलं बिल?” लेबलवर मोठं हिरवं पान, नोंदणी क्रमांक नाही, विषाचा रंगीत त्रिकोण नाही, आत काय आहे त्याचं नावही नाही. झाकण उघडताच तोच रॉकेलसारखा वास, पाण्यात ओतलं की दूध. फवारणारा गडी बोललासुद्धा, “मालक, हे मागचंच दिसतंय.” मीच त्याला गप्प केलं.

तीन दिवस कोळी कमी वाटला. आठव्या दिवशी पुन्हा तेवढाच. मग डोस वाढवून दुसरा हात दिला!

काढणीआधीच्या नमुन्याचा अहवाल आला: अ‍ॅबामेक्टिन, मर्यादेच्या वर. निर्यातदारानं हात वर केले, माल निम्म्याहून कमी भावात लोकल व्यापाऱ्याला गेला. दुकानदार म्हणतो, ती बाटली माझी नाहीच. बिल नाही, सीलबंद बाटली उरलेली नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार?

औषध बदलायचं म्हणजे गट, म्हणजे ते कीड कशी मारतं तो प्रकार, बदलायचा, हेही उशिरा समजलं. अ‍ॅबामेक्टिन गट 6, स्पायरोमेसिफेन हे दुसरं कोळीनाशक गट 23. मी फक्त लेबलं बदलत होतो.

परवा शेजारच्या बांधावर तसंच हिरवं पान असलेली बाटली दिसली. बिल कुठंय म्हणून विचारलं, तर तो हसला.