मायक्रोसर्व्हर जेन8 मध्ये 8 टीबीच्या दोन आयर्नवुल्फ: नागपूरच्या उन्हाळ्यासकट अनुभव

घरातल्या फायली साठवायच्या छोट्या सर्व्हरमध्ये, म्हणजे एचपीच्या प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन8 मध्ये, सीगेटच्या 8 टीबीच्या दोन आयर्नवुल्फ डिस्क बसवल्या, त्याला आता अख्खा उन्हाळा आणि पावसाळा उलटून गेला. मशीन जुनं, 2013 सालचं मॉडेल. पण साडेतीन इंची डिस्कचे चार खण आणि ईसीसी (मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम एवढ्याशा डब्यात आजही सहजासहजी मिळत नाही. आधी त्यात 4 टीबीच्या दोनच डिस्क होत्या. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली गाणी असं सगळं तिथेच जातं, त्यामुळे जागा संपणारच होती.

माझ्याकडे डेबियन लिनक्सवर मर्जरएफएस आणि स्नॅपरेड ही जोडी आहे, आणि डिस्क वाढवताना तिचं खरं मोल कळलं. मर्जरएफएस वेगवेगळ्या डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवतं. स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा परत उभा करायला लागणारा हिशेब, लिहून ठेवतं, आणि ती डिस्क निदान सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी लागते. म्हणून पहिली 8 टीबी आली ती थेट पॅरिटीला गेली आणि तिथे अडकलेली जुनी 4 टीबी डेटासाठी सुटली. वापरायची जागा 4 ची 8 झाली. दुसरी 8 टीबी आली ती पूर्ण डेटाला, म्हणजे 16. याच चार डिस्क रेड 5 मध्ये (सगळ्या डिस्क मिळून एकच साठा करायची पद्धत) लावल्या असत्या तर प्रत्येकीतले 4 टीबीच धरले गेले असते आणि हाती 12 आले असते. पैसे साठवून एकेक डिस्क घेणाऱ्या घरासाठी हा फरक मोठा आहे. शिवाय दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरच्या फायली शाबूत राहतात. प्रत्येक डिस्क साध्या ईएक्सटी4 मध्ये (लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टीम) आहे, काढून कुठल्याही लिनक्स मशीनला लावली की वाचता येते.

याची किंमतही आहे. पॅरिटी ताबडतोब लिहिली जात नाही, स्नॅपरेडचं सिंक चालवलं की लिहिली जाते. आज दुपारी आलेला फोटो रात्रीच्या सिंकपर्यंत एकाच डिस्कवर असतो, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की फोनमधून लगेच डिलीट करायचं नाही. सतत बदलणारे डेटाबेस या व्यवस्थेत ठेवूच नयेत, ते वेगळ्या एसएसडीवर. आणि मर्जरएफएसमध्ये नवीन फाईल कुठे लिहायची याची पॉलिसी नक्की बघा. 'ईपी'ने सुरू होणारी पॉलिसी असेल तर ज्या डिस्कवर ते फोल्डर आधीपासून आहे तिथेच फायली जात राहतात आणि नवी डिस्क रिकामीच बसते. मी 'एमएफएस' ठेवली आहे, म्हणजे जिथे जास्त जागा मोकळी, तिथे फाईल.

खरेदीबद्दल जरा कळकळीने सांगते. एका ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेल्या डिस्कचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी भारतातली निघालीच नाही. डिस्क परत गेली, पैसे मिळाले, पण त्यासाठी बरीच भांडाभांडी करावी लागली. सील फोडण्याआधी नंबर तपासा. दुसरं म्हणजे, 2025 च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्कचे स्मार्टमधले (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) वापराचे तास शून्य करून त्या नव्या म्हणून विकल्याचं जर्मनीत उघडकीला आलं होतं. डिस्कच्या आत फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या 7.4 आवृत्तीपासून वाचता येते. दोन्ही ठिकाणचे तास जुळले तरच डिस्क ठेवून घ्या. त्यानंतर स्मार्टची लाँग टेस्ट लावा. 8 टीबीला अर्धा दिवस सहज जातो, जाऊ द्या.

वेगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जेन8 चे पहिले दोन खण 6 गिगाबिटचे आणि पुढचे दोन 3 चे, पण गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपासच गाडी अडते, त्यामुळे कुठली डिस्क कुठल्या खणात याने काहीच फरक पडत नाही. डेटा डिस्कवर ईएक्सटी4 सिस्टीमसाठी 5 टक्के जागा राखून ठेवतं, ती मात्र सोडवून घ्या. 8 टीबीत ते 400 जीबी होतात.

आता उन्हाळा. नवतप्यात दुपारी खोलीच 38-39 अंशांवर असते, आणि चार डिस्क एकमेकींना खेटून बसलेल्या. या दोन्ही आयर्नवुल्फ 7200 आरपीएमच्या आहेत, जुन्या डिस्कपेक्षा चांगल्याच तापतात. दिवसा स्क्रब (साठवलेला डेटा बिघडला नाही ना याची तपासणी) चालला की मधल्या खणातली 52 पर्यंत जायची. कंपनीच्या मर्यादेत आहे, पण मला ते पटत नाही. म्हणून सिंक आणि स्क्रब दोन्ही पहाटे 4 ला नेले, आता 45 च्या पुढे काटा जात नाही. कूलरच्या झोतात मशीन ठेवायचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो. ठेवू नका. हॉलमध्ये होतं तेव्हा पुढच्या जाळीवर बोरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर बसायचा, बोट फिरवलं की पूड हाताला लागायची. तीच दमट हवा पंखा आत ओढत होता. मशीन आतल्या पॅसेजमध्ये हलवल्यावर जाळीवर फक्त धूळ असते, ती महिन्यातून एकदा ब्रशने काढते. पॅसेजचा आणखी एक फायदा म्हणजे रात्री डिस्कची कटकट बेडरूमपर्यंत येत नाही.

वीज गेली की इन्व्हर्टर येईपर्यंतचा क्षण डिस्कसाठी वाईट, म्हणून यूपीएस हवाच, आणि तो यूएसबी पोर्टवाला. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना तो नसतो. मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळणार कसं? यूपीएसवर नजर ठेवणारा एनयूटी हा प्रोग्रॅम बसवल्यापासून लांबलेल्या लोडशेडिंगमध्येही मशीन स्वतःहून नीट बंद होतं. बिलात फार पडत नाही. एक डिस्क रिकामी फिरताना साधारण 5 वॉट खाते, म्हणजे वर्षाला 44 युनिट.

पॅरिटीच्या भरवशावर बॅकअप टाळू नका. वीज कडाडली किंवा चोरी झाली तर चारही डिस्क एकदमच जातील. आमचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून अमरावतीला मामाकडे ठेवले आहेत, दर खेपेला डिस्क बदलून आणतो.

चारही खण आता भरलेत. पुढे जागा लागली की 4 टीबीची एक काढून तिथे 8 टीबी घालणार. त्याहून मोठी घ्यायची तर आधी पॅरिटीची डिस्क बदलावी लागेल.