सागवानी जोडपट्टी: लाकूड उत्तम, सूचना अपुऱ्या

हॉलचं लाकडी फ्लोअरिंग आणि आतल्या खोलीच्या टाइल्स यांच्यामध्ये फट राहिली होती. तिथे आईला दोनदा ठेच लागली, म्हणून ही पट्टी घेतली आणि स्वतःच बसवली.

लाकूड खरंच छान आहे. कडा गोलसर, अनवाणी पाय फिरवला तरी कुठे कूस लागत नाही. आकार टी अक्षरासारखा: मधला दांडा फटीत उतरतो, वरचे दोन पंख दोन्हीकडच्या फरशीवर टेकतात. दोन्ही फरश्या एका पातळीत असतील तरच ही घ्या. नाहीतर एका बाजूला उतार असलेली पट्टी लागते.

राग आला तो सूचनांचा. लाकडी फ्लोअरिंग दमट हवेत फुगतं, म्हणून दांड्याच्या त्या बाजूला ८ ते १० मिमी जागा मोकळी ठेवावी लागते. शिवाय पट्टी फ्लोअरिंगला नाही, खालच्या कोब्याला चिकटवायची. एवढी महत्त्वाची गोष्ट पाकिटावर कुठेच नाही!

लांबी अगदी जमिनीलगत मोजा, चौकटीतलं अंतर वर-खाली सारखं नसतं. मी २ मिमी जास्त ठेवून कापली आणि पॉलिश पेपरने थोडी थोडी घासत बसवली. टोकं चौकटीला नेमकी भिडली. आई आता तिथून न थबकता जाते.