‘आंग्रनाझ’ आणि एका ‘यू’ची भानगड

गोव्यात आमच्या डिचोलीच्या घरात बोलणं कोंकणीत आणि वाचणं मराठीत. सासूबाई ऐंशीच्या उंबऱ्यावर आहेत. सकाळच्या चहाबरोबर मराठी पेपर निधनवार्तांसकट संपवतात, इंग्रजीच्या मात्र वाटेला जात नाहीत. मी फ्रेंच पोलिसी मालिका लावली की शेजारी बसून दर दोन मिनिटांनी विचारणार, "कितें म्हणटा तो?" शेवटी वैतागून मीच मराठी सबटायटल्स करायला घेतली, घरापुरती. उच्च माध्यमिकला फ्रेंच शिकवते, तेव्हा जमेल असं वाटलं होतं. पहिले दोन सीझन, म्हणजे १६ भाग झालेत आणि चष्म्याचा नंबर वाढलाय.

मालिका ‘आंग्रनाझ’. कनाल प्लुस या फ्रेंच वाहिनीवर २००५ ते २०२० अशी चालली, आठ सीझन, ८६ भाग. इंग्रजीत तिला ‘स्पायरल’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं, आणि मध्ये बोट सापडलं तर गेलं. मालिकेत नेमकं हेच घडत राहतं: पोलीस, सरकारी वकील, बचावाची वकील आणि तपास न्यायाधीश. लिहिणाऱ्या आलेक्सांद्रा क्लेर स्वतः फौजदारी वकील होत्या, ते कळतं. फायली, सह्या, मुदती यांचा इतका बारीक हिशेब बाहेरच्या माणसाला सुचत नाही.

हा तपास न्यायाधीश समजावताना माझी पुरेवाट झाली. इंग्रजीत नुसतं ‘जज’ लिहितात. सासूबाईंचा प्रश्न: "जज्ज कोर्टांत कित्याक बसना?" फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा तपास या माणसाच्या हातात असतो. पोलीस त्याच्या सांगण्याने चालतात आणि त्याने पुरावा दोन्ही बाजूंचा गोळा करायचा, आरोपीच्या विरुद्धचा तसा त्याच्या बाजूचाही. फिलिप द्युक्लोने केलेला न्यायाधीश रोबां कोट घालून तेवढ्याशा ऑफिसात बसतो, आवाज चढवत नाही आणि समोरच्याची पाचावर धारण बसवतो. "हो आमच्या रेजेदोरा भाशेन दिसता," असं सासूबाईंनी जाहीर केलं. पोर्तुगीज गेले तेव्हा त्या शाळकरी होत्या, पण गावचा रेजेदोर, म्हणजे पोर्तुगीज अमलातला गावाचा अधिकारी, अजून डोळ्यांसमोर आहे.

आता ‘यू’बद्दल. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’, आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. मला मिळालेल्या इंग्रजी सबटायटल्समध्ये दोन्हींचा ‘यू’ झाला होता, आणि त्याबरोबर अर्धी मालिका वाहून गेली होती. लोर बेर्तो ही कॅप्टन आणि तिचे जिलू, तँतँ हे साथीदार एकमेकांना ‘त्यू’ म्हणतात. न्यायाधीशांसमोर तीच लोर ‘वू’वर येते. चौकशीच्या खोलीत तर या सर्वनामाचंच नाटक असतं. फ्रेंच पोलिसांच्या आचारसंहितेत आता नागरिकाला ‘वू’च म्हणायचं असं लिहिलंय, पण पडद्यावरच्या पोलिसाचं डोकं तापलं की तो घसरतोच. ‘काल रात्री कुठे होतात?’ याचं ‘कुठे होतास तू?’ झालं की सासूबाई सरसावून बसतात. पुढे ओरडाआरडा होणार हे त्यांना आवाज बंद असला तरी कळतं.

पण मराठीने एके ठिकाणी मला चांगलंच पकडलं. फोनवर अनोळखी आवाज असतो, किंवा साक्षीदार सांगतो की कुणीतरी जिना उतरलं. मराठीत गेला की गेली हे ठरवल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही, आणि थ्रिलरमध्ये ते सांगणं म्हणजे खुनी कोण ते सांगण्यासारखंच. ‘कुणीतरी उतरलं’ या नपुंसकलिंगाने वाचवलं. ‘मी मारलं’ हेही सोयीचं, तिथे बोलणारा पुरुष की बाई ते उघड होत नाही. ‘मी पळालो’ आलं की मात्र गाडी अडते.

गल्लीतल्या पोरांची भाषा हा वेगळाच ताप. ती अक्षरं उलटी करून बोलतात, ‘फ्लिक’ म्हणजे पोलीस, त्याचं ‘केफ’ होतं. मला वाटलं, आपली च-ची भाषा आहेच की! ‘चलीसपो आले’ असं लिहिलं. सासूबाई पोट धरून हसल्या आणि मादक पदार्थ विकणारा दांडगट चौथीतला पोरगा वाटायला लागला. खोडलं. आता सरळ ‘पांडू’ लिहिते.

ओळींचं गणितही जाचक. दोन ओळी, ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, सेकंदाला साधारण १७, हा इंग्रजीचा हिशेब. संगणक आपल्या काना-मात्रा सुट्या मोजतो, ‘क्ष’ची तीन अक्षरं धरतो आणि ठीकठाक ओळ लाल करून दाखवतो. पहिला भाग मी त्या लाल रंगाला घाबरून इतका छाटला की तार वाचल्यासारखा झाला. ओद्री फ्लरोची वकील जोझेफीन तर तोंडाला लगाम नसल्यासारखी बोलते. तिच्या चार वाक्यांतलं एक मी सरळ सोडते. तीच मालिकेतली सगळ्यात जिवंत बाई, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मालिकेवर राग एका गोष्टीचा आहे. लोरची टोळी जवळजवळ दर भागात नियम मोडते, आणि बहुतेक वेळा मोडलेल्या नियमातूनच खरा गुन्हेगार सापडतो. कोठडीतल्या मारहाणीच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे हे गोड लागत नाही. सुरुवातीच्या सीझनमध्ये तर कोठडीतल्या माणसाला वकील फक्त अर्धा तास भेटू शकतो. चौकशीत वकिलाला बसू देणारा कायदा तिथे २०११ मध्ये आला. आणि प्रेतं इतक्या जवळून दाखवायची गरज नव्हती. पहिल्याच भागात कचऱ्यात सापडलेल्या मुलीचा चेहरा बघून सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत आल्या त्या भाग संपल्यावरच.

पाचव्या सीझनला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. तिथपर्यंत पोचायला मला अजून दोन पावसाळे लागतील. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात सध्या अडकलेय, शवागारातला प्रसंग आहे. सासूबाईंनी तेवढा गाळायला सांगितलाय, पण पुढचे धागे तिथेच आहेत.