फ्लॉरेन्सचा मेदिची वाडा: आधी बाहेरची भिंत बघा

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्स असेल तर पालाझ्झो मेदिची रिकार्डी चुकवू नका. पण तिकीट काढायची घाई करू नका, समोरच्या फुटपाथवर उभं राहून आधी भिंत बघा. कोल्हापुरात आमचा घडीव दगडाचा धंदा आहे, टाकीचं काम डोळ्यांना कळतं, म्हणून सांगतोय. तळमजल्याचे चिरे ओबडधोबड, पोट सुटलेले, खाणीतून निघाले तसे बसवल्यासारखे. त्यावरच्या मजल्याला तोंड साफ तासलेलं, फक्त सांधे खोल. सगळ्यात वर तर सांधा शोधावा लागतो. एवढी अवजड इमारत, पण नजर वर जाईल तशी हलकी होत जाते. मिकेलोत्सो या वास्तुकारानं फ्लॉरेन्सचा बडा सावकार कोसिमो दे मेदिची याच्यासाठी १४४४ साली हे काम धरलं. रस्त्याकडेला भिंतीलगत दगडी कट्टा आहे, तिथं बसून चिऱ्यांवर हात फिरवा. पाथरवटाचा हात लगेच कळतो.

आत चौक, चारी बाजूंनी खांब आणि कमानी. वाड्यात वाढलेल्या माणसाला ओळखीचं वाटतं. त्यामागं बाग. बाग म्हणून मोठी काही नाही, रंकाळ्याचा फेरा मारणाऱ्याला तर दोन मिनिटांत संपेल. पण भाजक्या मातीच्या कुंड्यांतली लिंबाची झाडं आणि पायाखालची गोट्यांची नक्षी सावकाश बघण्यासारखी आहे. दोनातेल्लोचा ज्युडिथचा पुतळा एके काळी याच बागेत होता.

वरच्या छोट्या देवघरात १४५९ सालापासूनची बेनोत्सो गोत्सोलीची भित्तिचित्रं आहेत. १६५९ मध्ये वाडा घेतलेल्या रिकार्डी घराण्यानं पुढं जिना काढताना त्याचा एक कोपरा आत घेतला, तो मुद्दाम शोधा. एका वेळी थोडेच लोक सोडतात, तेव्हा सकाळीच जा. बुधवारी बंद.

आणि तिथून काशीनेच्या बागेत जायचंच. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथल्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपला नवा राजवाडाही त्याचाच, १८७७ ते १८८४ चं काम. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, फुलं घेऊन जा.